आईबाप आणि मूलपेशींचें संशोधन

नगरच्या माळीवाडा स्थानकावरून पहाटे पुण्याकडे निघणाऱ्या मोटारींत, तपासण्यांच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलें एखादें जोडपें पाहावयास मिळतें. शेजारीं खिडकीशीं पांच-सहा वर्षांचा मुलगा असतो. दिसावयास तो इतर मुलांसारखाच; परंतु दोन वर्षांपूर्वीं अंगणांत धांवणारा हा मुलगा आतां जमिनीवरून उठतांना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकीत टेकीत उभा राहतो. गांवच्या डॉक्टरांनीं प्रथम शक्तीचें औषध दिलें. पुढें नगरास किंवा लोणीस रक्ताची तपासणी झाली. तेथून पुण्याची चिठ्ठी मिळाली. आजाराचें खरें नांव कळेपर्यंत वर्ष-दोन वर्षें निघून जावीं, ही दुर्मिळ आनुवंशिक आजारांची नेहमींचीच रीत आहे. आणि ज्या दिवशीं नांव कळतें त्याच दिवशीं बहुधा आणखी एक वाक्य आईबापांच्या कानीं पडतें : "यावर अद्याप पूर्ण उपाय नाहीं, परंतु मूलपेशींवर संशोधन चालूं आहे."

घरीं परततांना या वाक्याचा जो तो आपापल्या परीनें अर्थ लावतो. बापाला वाटतें, कोठें तरी औषध तयार होत आहे आणि पैसे उभे केले म्हणजे तें मिळेल. आईला वाटतें, कोणी तरी आपल्या मुलाला बोलावून घेईल. चार दिवसांनीं एखादा शुभचिंतक नातलग आपल्या भ्रमणध्वनीवर एक जाहिरात दाखवितो; तींत मूलपेशींच्या टोचणीनें चालूं लागलेल्या मुलाचें चित्र असतें. संशोधन, उपचार आणि विक्री या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें सांगणारें माणूस नेमकें त्याच वेळीं जवळ नसतें.

प्रथम आजाराविषयीं. मनुष्याच्या पेशींत सुमारें २०,००० जनुकें असून त्यांतील बहुतेकांची एक प्रत आईकडून व एक बापाकडून आलेली असते. पुष्कळ आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम सांभाळून नेते. असा मनुष्य निरोगी असतो, फक्त दोषाचा वाहक असतो. दोन वाहकांचें लग्न झालें म्हणजे मात्र प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक या प्रमाणांत दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाच्या वांट्याला येण्याचा संभव असतो. नगर, बीड, सोलापूर या भागांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल जुनी आहे, आणि तिचा या गणिताशीं संबंध पोंचतो. समजा, घरांतील आजोबा एखाद्या दोषाचे वाहक होते. त्यांच्या मुलाच्या मुलीकडे ती प्रत येण्याचा संभव चारांत एक, मुलीच्या मुलाकडेहि चारांत एक. दोघांकडेहि येण्याचा सोळांत एक. या दोघांचें लग्न झाल्यास मूल आजारी निघण्याचा संभव चौसष्टांत एक. परक्या घरांतून वधू आणली असती, तर तोच दुर्मिळ दोष तिच्याकडेहि असण्याचा योग क्वचितच आला असता. चौसष्टांत एक हा आंकडा लग्न मोडण्याइतका मोठा नाहीं, असें कोणी म्हणेल. आणि बहुतेक घरांत तो खरोखर सुखरूप टळतोहि. परंतु एकदां तसें मूल जन्मलें कीं चौसष्टाचें गणित संपतें आणि पुढील प्रत्येक खेपेस चारांत एक हेंच उरतें. दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्यानें गर्भावस्थेंतील तपासणीविषयीं आधींच विचारावें, तें याचसाठीं.

मोटारींतील मुलाचा आजार मात्र थोड्या निराळ्या वाटेनें येतो. त्याला डुशेनचा स्नायुक्षय म्हणतात. त्याचें जनुक लिंगनिश्चिति करणाऱ्या 'क्ष' गुणसूत्रावर असतें. मुलाकडे तें गुणसूत्र एकच, आणि तेंहि आईकडून आलेलें. म्हणून हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो, आणि म्हणूनच घरोघर दोष आईच्या माथीं मारला जातो. वास्तविक अशा मुलांपैकीं सुमारें एकतृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानेंच उत्पन्न झालेला असतो. आईच्या रक्तांत तो नसतोच. आणि असला तरी तो तिनें कोठून बाजारांतून आणलेला नसतो. सासरच्या मंडळींना एवढी गोष्ट समजावून सांगण्याचें काम डॉक्टरांनीं औषधाच्या चिठ्ठीइतकेंच अगत्यानें केलें पाहिजे.

आतां मूलपेशींकडे वळावें. पीक निघाल्यावर शेतकरी सर्व धान्य दळावयास नेत नाहीं. त्यांतलें थोडें निवडून पुढील पेरणीसाठीं बाजूस ठेवतो. शरीरहि तसेंच करतें. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत कांहीं थोड्या पेशी अशा असतात कीं, त्या दुभंगून एकीकडे तांबड्या व पांढऱ्या पेशींसारख्या कामकरी पेशी निर्माण करतात आणि दुसरीकडे स्वतःसारखें बियाणेंहि राखून ठेवतात. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवसच जगते. तरी मनुष्याचें रक्त जन्मभर पुरतें, तें या बियाण्यामुळें. बियाणेंच सदोष असेल तर प्रत्येक पीक सदोष येणार, हें उघड आहे. तेव्हां तीव्र औषधांनीं जुनी मज्जा नाहींशी करून तेथें निरोगी दात्याच्या मूलपेशी पेरावयाच्या, हा मज्जारोपणाचा मार्ग. त्याचे जनक डॉ. डॉनल टॉमस यांना १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं १९८३ च्या मार्च महिन्यांत रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या एका मुलीवर हा प्रयोग यशस्वी केला, आणि भारतांत त्याचा पाया घातला गेला.

आनुवंशिक आजारांपैकीं थॅलेसिमिया, सिकल सेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचा अभाव अशा रक्तमज्जेच्या आजारांत हें रोपण पूर्ण बरें करूं शकतें. चयापचयाच्या कांहीं आजारांतहि त्याचा उपयोग होतो, आणि त्यामागील कारण मोठें मनोरंजक आहे : दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या सर्व अवयवांत जाऊन बसतात, त्यांतल्या कांहीं मेंदूपर्यंत पोंचतात, आणि रुग्णाच्या शरीरांत नसलेलें विकर तेथें पुरवूं लागतात, शेजारच्या पेशी तें उसनें घेतात. परंतु मज्जेच्या बियाण्यांतून स्नायूचें पीक निघत नाहीं. स्नायूंचें बियाणें स्नायूंतच असतें, आणि तें शरीरांतील शेंकडों स्नायूंत, हृदयांत व छातीच्या पडद्यांत सर्वत्र पोंचविण्याची सिद्ध झालेली रीत अद्याप कोणास साधलेली नाहीं. म्हणून थॅलेसिमियाच्या मुलाला मूलपेशी म्हणजे उपचार आहे. डुशेनच्या मुलाला मूलपेशी म्हणजे संशोधन आहे. शब्द एकच, पण दोन घरांत त्याचे अर्थ दोन होतात.

जेथें रोपण शक्य आहे तेथेंहि दाता जुळावा लागतो. पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखचिन्हें आईकडून अर्धीं व बापाकडून अर्धीं येत असल्यामुळें सख्खें भावंड पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. तें भावंड आजारी नसण्याचा संभव चारांत तीन. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र येण्याचा संभव सोळांत तीन. वाहक भावंड चालतें, हें अनेकांना ठाऊक नसतें. अहमदाबाद येथें २०२० सालीं एका थॅलेसिमियाग्रस्त मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीची मज्जा देण्यांत आली. ही बहीण कृत्रिम गर्भधारणेनें, आजारमुक्त व भावाशीं जुळणारा गर्भ पारखून, जन्मास आणलेली होती. एका मुलाच्या उपयोगासाठीं दुसरें मूल जन्माला घालावें काय, हा प्रश्न त्यावर उपस्थित झाला व तो रास्तच आहे. परंतु दर काहीं आठवड्यांनीं मुलाला रक्त चढविण्यास नेणाऱ्या आईसमोर तो प्रश्न उच्चारतांना जरा आवाज खालीं आणावा हें बरें.

सख्खें भावंड जुळलें नाहीं तर परक्याकडे जावें लागतें, आणि हा परका शोधण्याची सोय जगांत प्रथम एका आईनें केली. शर्ली नोलन हिचा मुलगा अँथनी १९७१ सालीं विस्कॉट-ऑल्ड्रिच नांवाचा दुर्मिळ आजार घेऊन जन्माला आला. मज्जारोपणावांचून त्याला उपाय नव्हता आणि नात्यांत कोणी जुळेना. तेव्हां १९७४ सालीं तिनें लंडन येथें स्वेच्छेनें मज्जा देऊं इच्छिणाऱ्या अनोळखी माणसांची नोंदवही सुरूं केली. लोक रक्ताचे नमुने देऊं लागले, तपासनीस ओळखचिन्हें टिपूं लागले, यादी वाढूं लागली. अँथनीसाठीं जुळणारा दाता मात्र त्या यादींत शेवटपर्यंत निघाला नाहीं. १९७९ सालीं तो वारला. शर्लीनें नोंदवही बंद केली नाहीं. आज जगभरच्या अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक दात्यांचीं नांवें आहेत. भारतांतहि चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून हेंच काम करते. लोकसमूहागणिक ही ओळखचिन्हें बदलत असल्यामुळें मराठी मुलाला जुळणारा दाता मराठी माणसांत सांपडण्याचा संभव अधिक. अकोले-संगमनेरच्या एखाद्या महाविद्यालयांत पालकांनीं दात्यांच्या नोंदणीचा दिवस भरविला, तर त्यांच्या मुलाला नसेना, पण दुसऱ्या कोणा मुलाला त्याचा लाभ होईल. नुसत्या गालाच्या आंतल्या बाजूनें फिरविलेल्या कापसाच्या काडीवर तें काम भागतें.

फ्रान्समधील एका आईची कथा मोटारींतील कुटुंबाला अधिक जवळची वाटेल. योलेन द केपेर हिच्या चार मुलग्यांना डुशेनचा आजार होता. १९५८ सालीं तिनें इतर पालकांना जमवून एक संघ स्थापन केला. पुढें १९८७ सालीं या संघानें दूरचित्रवाणीवरून सलग वर्गणी गोळा करण्याचा 'टेलेथॉन' हा उपक्रम आपल्या देशांत सुरूं केला, आणि त्या पैशांतून १९९० मध्यें 'जेनेथॉन' ही प्रयोगशाळा उभी राहिली. वर्गणी एका मुलासाठीं नव्हती. हाच त्यांतला मर्माचा भाग. मुंबईंत २०२१ सालीं एका तान्ह्या मुलीच्या औषधासाठीं लोकांनीं सोळा कोटी रुपये जमविले, तीहि माणुसकीची मोठी गोष्ट होती. परंतु तो पैसा तयार औषध विकत घेण्याकडे गेला. नवें औषध निर्माण करण्याकडे जाणारा पैसा निराळा, आणि तो देणाऱ्याला पावती मिळते, फळ मिळेलच असें नाहीं. आपल्याकडे बंगळूर येथें डुशेनच्या मुलांच्या पालकांनीं 'डिस्ट्रॉफी अनायहिलेशन रिसर्च ट्रस्ट' स्थापून स्वतःची प्रयोगशाळा चालविली आहे. तिचें काम मूलपेशींचें नसून जनुकाचा बिघडलेला भाग वाचतांना गाळून टाकणाऱ्या औषधाचें आहे. तरी पालकांनीं संशोधनाच्या दारांत उभें न राहतां आंत शिरावें याचें तें उत्तम उदाहरण होय.

फ्रान्समध्येंच २००९ सालीं पॅरिसच्या डॉक्टरांनीं मेंदूचें आवरण नष्ट करणाऱ्या ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या आजाराच्या दोन मुलांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दाता जुळत नव्हता. म्हणून मुलांच्याच मूलपेशी काढून त्यांत जनुकाची चांगली प्रत घातली आणि त्या परत दिल्या. आजाराची चाल थांबली. पुढें अशाच उपचाराला अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली. परंतु ६७ मुलांपैकीं ७ जणांना कालांतरानें रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाल्याचें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. नवीन जनुक जेथें जाऊन बसलें तेथील शेजारची व्यवस्था बिघडली. ज्यांना मूल गमावण्याची खात्रीच होती त्या पालकांनीं हा धोका पत्करला, तर त्यांना वेडे म्हणतां येणार नाहीं. धोका आहे हें त्यांना आधीं कळलें होतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

आणि येथेंच खऱ्या संशोधनाची व दुकानाची परीक्षा होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ सालीं काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचें ठराविक आजारांतील रोपण हाच मान्य उपचार असून त्यापलीकडील जवळजवळ सर्व उपयोग मंजुरी घेतलेल्या चाचणींतच करावयाचा आहे. चाचणी असेल तर तिची नोंद चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहींत असते व ती कोणासहि पाहतां येते. नीतिसमितीची संमति असते. चाचणीमुळें इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याचें बंधन असते. आणि चाचणींतील औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहींत. जेथें डुशेनच्या किंवा मतिमंद मुलाच्या टोचणीसाठीं लाखांत दर सांगितला जातो, तेथें संशोधन चाललेलें नाहीं, विक्री चाललेली आहे. तिच्यापायीं विकलेली दीड एकर जमीन परत येत नाहीं. आणि अशा टोचणीनंतर पुढें एखादी खरी चाचणी आलीच, तर तींत या मुलाला घेण्याचें नाकारलें जाण्याचाहि संभव असतो. ही दुसरी हानि जाहिरातींत कोणी छापीत नाहीं.

नाळेचें रक्त साठवून ठेवण्याच्या खासगी पेढ्यांचाहि येथेंच उल्लेख करावा. मुलाचा आजार आनुवंशिक असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळेंतील मूलपेशींत तोच दोष जशाचा तसा असतो; तें बियाणें पुन्हां पेरून कांहीं साधत नाहीं. आजारी मुलाच्या पाठच्या निरोगी भावंडाची नाळ मात्र उपयोगी पडूं शकते, आणि ती कशी राखावी हें रोपण करणाऱ्या डॉक्टरांना प्रसूतीपूर्वीं विचारावें.

मग ज्या कुटुंबाजवळ पैसा नाहीं, त्यानें संशोधनाला साह्य तरी काय करावें? त्याच्याजवळ असतें तें पैशानेंहि मिळत नाहीं. दुर्मिळ आजाराचा रोगी दुर्मिळ असतो, ही संशोधकाची पहिली अडचण. डॉ. शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं उंदराच्या व पुढील वर्षीं मनुष्याच्या साध्या त्वचापेशी उलट्या पावलीं नेऊन मूलपेशींसारख्या बनविल्या. २०१२ चें नोबेल त्यांना व जॉन गर्डन यांना मिळालें. या शोधामुळें मुलाच्या चमचाभर रक्तापासून त्याच्याच स्नायूच्या किंवा मज्जातंतूच्या पेशी कांचेच्या बशींत वाढवून त्यांवर औषधें पारखतां येतात. तें चमचाभर रक्त देणें पालकांच्या हातचें आहे. दुसरें साह्य म्हणजे वही. मूल केव्हां जिना चढेनासें झालें, केव्हां पडूं लागलें, कोणत्या महिन्यांत चालणें थांबलें, याची तारीखवार नोंद असली तरच पुढें औषधानें फरक पडला कीं नाहीं हें ठरवितां येतें. हें काम अशिक्षित आईला जमणार नाहीं, असें नगर जिल्ह्यांत तरी कोणी म्हणूं नये. जामखेड येथें १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें जेमतेम अक्षरओळख असलेल्या, पुष्कळदां तीहि नसलेल्या खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचें काम शिकवून दाखविलें, आणि १९७९ चें मॅगसेसे पारितोषिक मिळविलें.

सरकारी साह्याचाहि विचार करावा. दुर्मिळ आजारांचें राष्ट्रीय धोरण २०२१ सालीं जाहीर झालें. २०२२ पासून त्याखालीं नेमलेल्या केंद्रांत उपचारासाठीं ५० लाख रुपयांपर्यंत साह्य मिळूं शकतें, आणि मज्जारोपणानें बरे होणारे कांहीं आजार त्याच्या पहिल्याच गटांत आहेत. मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय हें असें एक केंद्र आहे. जनुकांत दुरुस्ती केलेल्या मूलपेशींचा सिकल सेलवरील उपचार २०२३ सालीं इंग्लंड व अमेरिकेंत मान्य झाला, त्याची अमेरिकेंतील किंमत बावीस लाख डॉलर. दिल्लीच्या संशोधन संस्थेनें तशाच धर्तीवर तयार केलेली 'बिरसा १०१' ही पद्धति २०२५ च्या नोव्हेंबरांत जाहीर झाली व तिच्या पुढील विकासासाठीं पुण्याच्या सीरम संस्थेशीं करार झाला. नगरच्या मोटारी जेथें थांबतात त्या शहरांत आतां हें काम चालावयाचें आहे. तरी तें सिकल सेलचें आहे, स्नायूचें नव्हे.

मोटारींतील मुलगा तोंपर्यंत मोठा होईल. डुशेनचीं मुलें बहुधा बाराव्या वर्षाच्या आंतबाहेर चालणें गमावतात. बशींतील पेशींपासून औषधाच्या बाटलीपर्यंतचा प्रवास त्याहून लांब असूं शकतो. हें पालकांना कोणी स्पष्ट सांगत नाहीं, कारण सांगणाऱ्यालाच धीर होत नाहीं. रक्ताचा नमुना देतांना मात्र तें कागदावर उमटतें. संमतिपत्र मराठींत असावें लागतें, तें वाचून दाखवावें लागतें, आणि मुलगा सात वर्षांहून मोठा असेल तर त्याला समजेल अशा भाषेंत सांगून त्याचाहि होकार घ्यावा लागतो. त्या पत्रांत एक प्रश्न असा असतो कीं, हा नमुना पुढें अनेक वर्षें, दुसऱ्या संशोधनासाठींहि, जपून ठेवावा काय? द्रवरूप नत्रवायूंत, शून्याखालीं १९६ अंशांवर, पेशी दीर्घकाळ जिवंत राहतात. मुलाच्या आयुष्याहूनहि अधिक. बाप तो प्रश्न दोनदां वाचतो. आई विचारते, सुई किती मोठी असेल. आणि मुलाची बाही वर सारते.